राखणदाराचा हात

वरची वाडी, टोकावडे
१८ मार्च २०२५

चि. रविना,

आशीर्वाद, आणि त्यांच्या पाठोपाठ एक काम. फोन का केला नाही असं विचारू नकोस. चौतीस वर्षं मी टोकावड्याच्या टपालात लोकांची पत्रं वाटली, ओढे ओलांडून आणि कुत्र्यांचे दात चुकवून. त्यात माझ्या नावाचं पत्र एकच आलं, आणि ते निवृत्तीचं होतं. तेव्हा आता मी हट्टाने लिहिणार आणि तू हट्टाने उत्तर देणार. शहापूरहून इथे पत्र यायला चार दिवस लागतात, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक नाही.

दुसरं कारण असं, की फोनवर बोललो तर तुझी देवकी काकू ऐकेल. ती फोन स्पीकरवर टाकल्याशिवाय देत नाही. आणि मला जे सांगायचं आहे ते तिला कळता कामा नये.

आपला वेताळ गेला. बोहाड्यातलं आपल्या घरचं सोंग गं. शहापूरला राहून विसरली असशील म्हणून सांगतो, वाडीत दर वर्षी उन्हाळ्यात देवांची आणि राक्षसांची सोंगं संबळावर नाचतात, आणि प्रत्येक सोंगाचा मान एकेका घराकडे असतो. शेवटच्या सकाळी, देवीच्या आधी निघतो तो वेताळ आपला. तुझ्या आजोबांनी तो मुखवटा पांगाऱ्याच्या लाकडाचा केला होता. मी तो माळ्यावर ठेवला आणि विसरलो. परवा काढायला गेलो तर वाळवीने आतून पोखरलेला, हातात घेतला तर नाकाचा भुगा झाला. मी तसाच फडक्याने झाकून ठेवला आणि खाली येऊन चहा प्यायलो. चहा गोड लागला नाही.

नवा वेताळ करून चालणार नाही, त्याच्या गालावरचा प्रत्येक ओरखडा वाडीला पाठ आहे. म्हणून मी सगळ्यांना सांगून टाकलं, वेताळाला यंदा विश्रांती, आमचं नवं सोंग येतंय. सोंगांच्या जागा ठरवणारा लखमा पाटील लगेच म्हणाला, "आण रे. पन सोंगाला कथा पायजे, नुसतं तोंड नाय चालत. आनि यका तरी बाईनं पुढं येऊन कुंकू लावलं पायजे. नाय लावलं तर जागा माझ्या जावयाला." त्याचा जावई तीन वर्षं टपून बसला आहे.

तू कॉलेजात शिकवतेस. पुस्तकांत कुठेतरी एक भयंकर तोंड आणि त्याची कथा असेल. पाठव.

तुझा अनंताकाका

शहापूर
२४ मार्च

काका,

नमस्कार, आणि वेताळाबद्दल खरंच वाईट वाटलं. पण तुम्ही अगदी योग्य वेळी लिहिलंत. सोबत एक पुस्तक पाठवते आहे, 'काळ्या गढीचा राखणदार'. दोनशे वर्षांपूर्वीची इंग्रजी कादंबरी, जुनं मराठी भाषांतर. भाषांतर करणाऱ्याने एलिनॉरची लीलावती केली आहे आणि बर्फाच्या जागी धुकं घातलं आहे, तेवढं समजून घ्या. वाचनालयाची एकुलती एक प्रत आहे, जपून वापरा.

थोडक्यात कथा अशी. डोंगरावर एक गढी, तिथला सरदार लग्नांवर लग्नं करतो आणि त्याच्या बायका नाहीशा होतात. गढीच्या दारावर एक राखणदार आहे, मरून शंभर वर्षं झालेला, लोखंडासारखं तोंड, हातात कंदील. नवी नवरी लीलावती त्याला बघते आणि तिथून सगळं सुरू होतं.

आता गंमत अशी, की हे पुस्तक जगात सगळ्यांना माहीत आहे आणि कोणी नीट वाचलेलं नाही. त्यावर सिनेमे निघाले, सिरीज निघाली, माझ्या वर्गातला एक मुलगा राखणदाराचा टी-शर्ट घालून येतो, त्यावर हे मोठाले दात. पुस्तकात दाताचा उल्लेख नाही. लोकांना वाटतं ही पोरी खाणाऱ्या भुताची गोष्ट आहे. याच विषयावर २० एप्रिलला, रविवारी सकाळी अकरा वाजता वाचनालयात माझं व्याख्यान आहे: 'राखणदार: आपण चुकीचं वाचलेलं भय'. प्राचार्य येणार आहेत. पुढच्या वर्षी मला कायम करायचं की नाही हे तेच ठरवणार.

तर तोंड मुखपृष्ठावरून घ्या. दात नका लावू, माझी इज्जत जाईल.

तुमची रविना

वरची वाडी
३० मार्च

चि. रविना,

पुस्तक पोचलं. मी तोंड बघायला उघडलं आणि वाचतच बसलो. काकूने दोनदा जेवायला बोलावलं, तिसऱ्यांदा ताट उचलून ठेवलं.

पण तुझा राखणदार भूत असेल, वाईट नाही. मुखपृष्ठ नीट बघ. तो पुढे, कंदील उंच धरलेला. लीलावती मागे, तिचा हात त्याच्या हातात, अंग मागे रेललेलं. तू म्हणशील तो तिला ओढतोय. मीही तेच म्हणालो असतो, पण मी बावीस वर्षं तुझ्या आजोबांचा हात धरला आहे. मुखवटा घातला की माणसाला पायाखालचं दिसत नाही. भोकं असतात बोटाएवढी, त्यातून समोरच्या झाडाचा शेंडा दिसतो. म्हणून प्रत्येक सोंगाचा हात धरून चालणारा एक लागतो. ज्याला चालवतात त्याचं अंग मागेच रेलतं, कारण पुढे काय आहे ते त्याला ठाऊक नसतं. आणि त्याचा पाय बघायचा. ज्याला ओढतात तो टाच रोवतो. ज्याला चालवतात तो आधी चवड्याने जमीन चाचपतो. लीलावतीचा चवडा पुढे आहे.

म्हणजे तो तिला कुठेतरी नेतोय, आणि तिचा त्याच्यावर भरवसा आहे. पण कुठे? पुस्तक २१२ पानावर, ती दोघं भुयाराच्या पायऱ्यांवर असताना संपतं. शेवट काय होतो ते उलट टपाली कळव, मला सोंगाची बांधणी त्यावर करायची आहे. लीलावतीसाठी वाडीतला धनेश तयार झाला. मुरबाडच्या कारखान्यात दिवसभर उभा असतो, म्हणतो, "काका, नवरी तर नवरी, पन मिशी नाय काढनार." मुखवट्यात मिशी झाकेल.

अनंताकाका

शहापूर
४ एप्रिल

काका,

तुमचं निरीक्षण गोड आहे, पण चित्रातल्या चवड्यावरून साहित्य कळत नसतं. अभ्यासकांचं मत असं, की राखणदार मुळात नाहीच. तो लीलावतीच्या मनातल्या भीतीचं प्रतीक आहे. कंदील म्हणजे तिची जाणीव, भुयार म्हणजे तिचं दडपलेलं मन, आणि हात म्हणजे हात नव्हे. हे मी व्याख्यानात चाळीस मिनिटं सांगणार आहे.

आणि काका, मला एक भीती वाटते. पुस्तक २१२ पानावर संपत नाही. कार्डावर २५३ पानं लिहिली आहेत. मुखवट्यासाठी तुम्ही कागदाचा लगदा करताय हे मला माहीत आहे. कृपा करून सांगा, की काकूने शेवटची एक्केचाळीस पानं रद्दी समजून लगद्यात घातली नाहीत. वाचनालयाचे कारकून माझ्याकडे आधीच वाकड्या नजरेने बघतात.

रविना

वरची वाडी
८ एप्रिल

चि. रविना,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्हीदा हसलो. काकू विचारत होती काय झालं, मी म्हटलं टपालाचा जुना विनोद.

लगद्यात टोकावड्याच्या किराणा दुकानाची रद्दी आहे आणि आपली जुनी कॅलेंडरं. तुझ्या पुस्तकाचं पान नाही. पाकीट मी फोडलं तेव्हाच पुस्तक २१२ वर संपत होतं, दोऱ्याची शिवण जुनीच उसवलेली, कडेला पिवळा डिंक. ती पानं तुझ्या जन्माआधी गेली असावीत. आता मला सांग, ज्या बाईने हे पुस्तक शेवटपर्यंत वाचलं तिला हे ठाऊक नको का?

मी टपालवाला. पाकीट न फोडता आत काय आहे ते ओळखायची सवय आहे. तू पुस्तक वाचलेलं नाहीस, रविना. २१२ पर्यंत तरी गेलीस का, की त्याच्याही अलीकडेच थांबलीस?

रागावू नकोस. मी कुठे धुतल्या तांदळाचा? बाबांचा वेताळ माळ्यावर कुजवला आणि बायकोला विश्रांती म्हणून सांगितलं. आपण दोघं एकाच होडीत आहोत. फक्त मला वीस तारखेच्या रविवारच्या आत शेवट हवा, तुझ्या व्याख्यानाच्याच सकाळी आपलं सोंग निघणार. खरा नसला तर निदान कोणीतरी सांगितलेला.

लगदा चांगला जमला आहे. अधूनमधून लाकडाचे कण लागतात. काकू म्हणते मजबुतीला भुसा टाकलाय.

अनंताकाका

शहापूर
१२ एप्रिल

काका,

एकशे चाळीस.

एकशे चाळीस पानं वाचली. मग परीक्षा आल्या, पेपर आले, पुढचं इंटरनेटवर वाचलं आणि बाकीचं सिनेमात बघितलं. लोक वाचत नाहीत म्हणून मी चाळीस मिनिटं रागावणार होते, आणि मीच त्यांच्यातली निघाले. हे वाचून झालं की पत्र चुलीत घाला.

सिनेमात शेवटी तो तिला भुयारात नेऊन खातो. दात तिथूनच आलेत. तुम्हाला कुंकवाशी मतलब आहे आणि लखमा पाटलाला घाबरवायचं आहे, तर खाऊन टाका. खाणारं सोंग बघायला गर्दी तरी होईल.

प्रतीकाचं मी बघून घेते.

रविना

शहापूर
१८ एप्रिल

काका,

हे पत्र तुम्हाला बावीस तारखेला मिळेल हे मला ठाऊक आहे, कारण तुम्हीच शिकवलंत. तरी लिहिते, नाहीतर झोप लागणार नाही. दोन दिवस फोन करते आहे. तुमचा बंद, काकूचा बंद, धनेशचा बंद. टोकावड्याच्या ढाब्यावर फोन केला तर म्हणाले वरच्या वाडीत तीन दिवस लाईट नाही, कोणाचाच फोन चार्ज नाही.

काका, तिला खाऊ नका.

मला मूळ इंग्रजी पुस्तक मिळालं. टी-शर्टवाल्या मुलाकडेच होतं, आणि त्याने ते दोनदा वाचलं होतं. मी विचारलं, मग हे दात कशाला घालून फिरतोस? म्हणाला, "मॅडम, वाचलेल्याचा टी-शर्ट मिळत नाय."

मी काल एका बैठकीत शेवट वाचला. तुमचा चवडा बरोबर होता. तो तिला बाहेर काढतोय. सगळ्या बायकांना त्यानेच एकेक करून सरदाराच्या तावडीतून बाहेर काढलं, म्हणून त्या नाहीशा झाल्या. मेल्या नाहीत, सुटल्या. गावातले लोक मात्र ह्यालाच राक्षस समजून दगड मारत राहिले. शंभर वर्षं तो दुसऱ्यांना दारापर्यंत आणतो, पण उंबरठा त्याला स्वतःला ओलांडता येत नाही, कारण त्याचा हात धरून बाहेर नेणारं कोणी नाही. आणि शेवटच्या पानावर लीलावती उन्हात जाते, चार पावलं चालते, मागे वळते आणि दारातून हात आत घालते.

मी रडले, काका. चाळीस मिनिटांचं व्याख्यान फाडून टाकलं. आता परवा काय बोलायचं ते ठाऊक नाही, आणि तुम्ही तिला खाणार आहात, तेही माझ्या सांगण्यावरून.

शहापूरहून मुरबाडची पहिली एसटी किती वाजता असते हो? तुम्हाला विचारून उपयोग नाही म्हणा.

रविना

वरची वाडी
२२ एप्रिल

चि. रविना,

तुझं अठराचं पत्र आज आलं. म्हणजे 'खाऊ नका' हे मला सोंग होऊन गेल्यावर दोन दिवसांनी कळलं, असं टपाल खात्याचं म्हणणं. वाडीचं म्हणणं वेगळं आहे. तू तर व्याख्यानात अडकली होतीस, म्हणून काय घडलं ते सविस्तर सांगतो.

रविवारी उजाडलं. लख्ख ऊन, साडेसात-आठचा सुमार. मी राखणदार. काळं घोंगडं, हातात कंदील, लोखंडी रंगाचं तोंड, आणि तुझी माफी मागून दात. जबडा दोरीने उघडायचा होता. धनेश लीलावती, काकूच्या हिरव्या लुगड्यात. त्याच्या मुखवट्याला मी इतके सुंदर डोळे काढले होते, की त्यांना भोकं पाडायचा जीव झाला नाही. त्याला म्हटलं, मी धरतोच आहे तुझा हात. माझा हात जीपवाला दामू धरणार होता. आणि नेमकी दामूची जीप देवीच्या वाटेत उभी, लखमा ओरडला, दामू ती काढायला पळाला. इकडे संबळ सुरू झाला.

मी पहिलं पाऊल टाकलं आणि मुखवटा घसरला. डोळ्यांची भोकं आली मिशीवर. मला माझ्याच दाढीचा वास येत होता, बाकी काळोख. मागून धनेश विचारतोय, "काका, कुठं चाललो?" मी म्हटलं, "गप चल, नवरी बोलत नसते." आम्ही दोघं ठार आंधळे, ठेक्यात चाललो आणि थेट भिमी म्हातारीच्या शेळ्यांत शिरलो. एका शेळीने लुगड्याचा पदर तोंडात धरला. धनेशला वाटलं खायचा प्रसंग आला, त्याने किंकाळी फोडली. वाडी हसायला लागली. असं हसू मी बोहाड्यात कधी ऐकलं नव्हतं, आणि रविना, मला मुखवट्याच्या आत घाम फुटला. बाबांच्या जागेवर उभा राहून मी शेळ्यांना कंदील दाखवत होतो. लखमाच्या जावयाचा खोकला मला ओळखू येत होता.

तेवढ्यात कोणीतरी माझा हात धरला.

दामूचा हात खरखरीत आहे. हा तसा नव्हता. कानाशी धापा टाकत आवाज आला, "खाऊ नका. बाहेर काढायचंय. चला." मी निमूट निघालो. त्या हाताला ठेका कळत होता. शेळ्यांतून बाहेर, मांडवाला वळसा, थेट त्याच्या दारावरच्या तोरणाखाली. तिथे तो हात थांबला. धनेशला हळूच माझ्या पुढे काढून तोरणाबाहेर उन्हात उभं केलं. मी आत उभा. पुढचं काय ते मला ठाऊक नव्हतं, पण माझा हात सुटला होता, आणि कसं कोण जाणे, मला पुढे पाऊल टाकवेना. हसू थांबलं होतं. संबळवाल्याने ठेका हलका केला. मग तो हात बाहेरून परत आत आला, माझा पंजा पकडला आणि मला बाहेर ओढलं.

बाहेर आलो तेव्हा एवढी शांतता होती, की शेळी पदर चावताना ऐकू येत होतं. मग भिमी म्हातारीचा आवाज: "गो बाय, ह्यो तर वाट दावनारा. ह्याला कोन बाहेर काढीत नव्हतं." आणि तिने ताट आणून माझ्या मुखवट्याला कुंकू लावलं, मग धनेशला, मग त्या तिसरीला. तिच्यामागे बायांची रांगच लागली. दोघींनी आपल्या लेकी माझ्यासमोर आणून माझ्या हातात त्यांचे हात दिले. नारळ इतके फुटले, की दुसऱ्या दिवशी वाडीभर खोबऱ्याची चटणी.

मी मुखवटा काढला तोवर हात धरणारी गेली होती. धनेशला काही दिसलं नाही. लोकांत मात्र एकच चर्चा आहे, देवी यायच्या आधी देवी येऊन गेली. पंजाबी ड्रेस होता म्हणे, पाठीला लाल सॅक, आणि जाताना उतारावरून चप्पल हातात घेऊन धावत गेली. भिमी शपथेवर सांगते, की देवीने मनगटावरच्या घड्याळात बघून "अगं आई" म्हटलं.

ही देवी कोण असावी, तुझं काय मत? तू साहित्याची जाणकार.

अनंताकाका

शहापूर
२६ एप्रिल

काका,

देवीला मुरबाडची साडेपाचची एसटी मिळाली, पुढे जीपमध्ये कोथिंबिरीच्या जुड्यांवर बसावं लागलं. आणि घड्याळ बघून ती "अगं आई" म्हणाली नव्हती, त्याहून वाईट काहीतरी म्हणाली होती. भिमीआजीने सावरून घेतलं.

मी व्याख्यानाला अकरा पंचवीसला पोचले. कपाळावर कुंकू, सॅकवरही कुंकू, ओढणीला शेळीची लाळ. प्राचार्य पहिल्या रांगेत. माझ्याकडे कागद नव्हता. मी उभी राहिले आणि खरं सांगून टाकलं: "हे पुस्तक लोक चुकीचं वाचतात असं मी सांगणार होते. मी ते चुकीचंसुद्धा वाचलं नव्हतं." मग तुमचा चवडा सांगितला, टाच सांगितली, आजोबांचा हात सांगितला, शेळ्या सांगितल्या. मुखपृष्ठाचा फोनमधला फोटो पडद्यावर मोठा करून दाखवला आणि सगळ्यांना लीलावतीचा पाय बघायला लावला. टी-शर्टवाला मुलगा उठून टाळ्या वाजवायला लागला. प्राचार्य एवढंच म्हणाले, "अर्ज भरा." चांगल्या आवाजात म्हणाले की वाईट, ते अजून ठरवता येत नाही, पण मी अर्ज भरला.

सोबत एक वही आहे. शेवटच्या एक्केचाळीस पानांचं मी भाषांतर केलंय, लीलावतीसकट आणि धुक्यासकट. एक प्रत वाचनालयाच्या पुस्तकात शिवायची आहे, ही तुमच्यासाठी. शेवटच्या ओळीशी थांबून एकदा बाहेर बघून या, असं माझं सांगणं आहे.

आणि काका, एक विचारायचं राहिलं. मी बाईमाणूस. सोंगाचा हात बाईने धरायचा नसतो, हे मला तोरणाखाली आठवलं, पण तोवर धरून झाला होता. लखमा पाटील काय म्हणाले? जागा गेली का? माझ्यामुळे गेली असेल तर मला खरं सांगा, विश्रांती वगैरे सांगू नका.

रविना

वरची वाडी
३० एप्रिल

चि. रविना,

वही पोचली. रात्रीपर्यंत थांबवलं नाही, दुपारीच पारावर बसून सगळ्यांना वाचून दाखवली. शेवटची ओळ झाली. मग भिमी म्हणाली, "ह्यात नवं काय? हे तर आमी रविवारी पायलंय." तुझ्या इंग्रजांना कळवून टाक.

आता लखमाचं. तो दुसऱ्याच दिवशी घरी आला. म्हणाला, "अनंता, बाईनं हात धरला, हे बसत नाय." मी काही बोलायच्या आधी काकू चुलीपासून उठून आली. म्हणाली, "भावजी, ते सोंगच तसं हाये. राखणदाराला बाहेर काढनारी बाईच हाये, पुस्तकात लिवलंय." पुस्तकाची वही तेव्हा आली नव्हती, तरी तिने छातीठोकपणे सांगितलं. लखमाने सुपारी चघळली. कुंकू एका बाईचं हवं होतं, पडलं एकोणतीस जणींचं, ते त्यानेच मोजलं होतं. शेवटी म्हणाला, जागा तुमची.

तो गेल्यावर मी काकूला वेताळाचं खरं सांगायचं ठरवलं. दोनदा घसा खाकरला. ती म्हणाली, "ठावं हाये. दिवाळीलाच वाळवी बघितली मी." सहा महिने तिला ठाऊक होतं, आणि गेला महिनाभर ती मला विश्रांती, विश्रांती म्हणू देत होती. मी विचारलं, मग त्या भुग्याचं काय केलंस? ती म्हणाली, "लगद्यात घातला. मामंजींचं लाकूड टाकून द्यायचं व्हय?" ते कण, रविना. मी रोज बोटांनी दाबत होतो आणि मला कळलं नाही. मुखवटा उतरवून मांडीवर घेतला आणि ते कण बोटाने चाचपत बसलो. काकूने चहा आणून ठेवला.

आणि देवीचं म्हणशील, तर मला पहिल्याच पावलाला कळलं होतं. तू हात धरून निघालीस ती डावा पाय आधी टाकून. बाबा मला मुखवट्याच्या आतून तेवढ्यावरच ओळखायचे. आपल्या घरात सगळे डाव्यानेच निघतात.

आता लखमाची अट ऐक. बोहाड्याचा नियम असा, की सोंग पहिल्या वर्षी जसं नाचलं तसंच पुढे नाचवायचं, त्यात काडीचा बदल चालत नाही. म्हणून पुढच्या वर्षी शेवटच्या सकाळी तुला यायचं आहे, दर वर्षी यायचं आहे, उशिरा यायचं आहे, आणि शेवटी चप्पल हातात घेऊन उतारावरून धावत जायचं आहे. भिमीने शेळ्या राखून ठेवल्या आहेत.

सॅक लालच आण. बाया तिला हळद वाहायचं म्हणताहेत.

तुझा वाट पाहणारा,
अनंताकाका